पान उघडेपर्यंत बस गेली

त्या सकाळी चिखलीच्या थांब्यावर आई उभी होती आणि तिच्या मोबाइलवर चक्र नुसतं गरगरत होतं. ती चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला. कामगारांना ने-आण करणाऱ्या बसवाल्यांनी नुकतीच वेबसाइट काढली होती. मार्ग किंवा वेळ बदलली की तिथंच कळायचं. रस्ता खोदल्यामुळे त्या दिवशी बस दुसऱ्या चौकातून जाणार होती. तशी सूचना साइटवर होतीही. पण आईच्या फोनवर पान उघडेपर्यंत बस निघून गेली आणि तिची शिफ्ट बुडाली.

घरी येऊन तिनं फोन माझ्यापुढे धरला. "बघ गं, बिघडलाय का हा?"

फोनला काही झालं नव्हतं. मी वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत आहे, आणि ती साइट आमच्याच ऑफिसच्या दुसऱ्या टीमनं बनवली होती. आधी ड्रोननं टिपलेल्या बसचा व्हिडिओ, मग सरकते फोटो. वेळापत्रक पार तळाला, आणि तेही इतकं रुंद, की बोटानं आडवं ओढत बसायचं. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी चिंचवडच्या ऑफिसात मी थेट सरांच्या टेबलापाशी गेले. "सर, बसवाल्यांची साइट मोबाइलवर उघडत नाही."

त्यांनी स्वतःचा फोन काढला. साइट चटकन उघडली. "उघडतेय की!"

"ऑफिसच्या वायफायवर. थांब्यावर बघा."

"अगं, साइट त्यांचे डायरेक्टर बघतात. पॅकिंगच्या बायका कधी वेबसाइट बघतात का?"

"माझी आई बघते. माझी आई पॅकिंगलाच आहे."

ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं. सर जरा वरमले, पण म्हणाले, "पुढच्या वेळी बदल करताना बघू."

पुढच्या वेळेपर्यंत किती जणींच्या बस चुकायच्या? मी जेवणाच्या सुट्टीत बसून ते पान नव्यानं लिहायला घेतलं. मोठ्या पडद्यासाठी डिझाइन करायचं आणि मग ते मोबाइलात कोंबायचं, ही आमची रीत. मी सुरुवातच आईच्या फोनच्या रुंदीपासून केली. सगळ्यात वर आजचा मार्ग आणि वेळ, साधी अक्षरं. वेळापत्रकाची प्रत्येक ओळ छोट्या पडद्यावर वेगळ्या चौकटीत, एकीखाली एक. पडदा मोठा झाला की त्याच चौकटी शेजारी-शेजारी. फोटो पडद्याला पुरतील एवढेच, आणि खाली सरकल्याशिवाय ते लोड होणारच नाहीत. एकदा उघडलेलं पान फोनमध्ये साठून राहायचं. रेंज गेली तरी शेवटची माहिती दिसायची, आणि ती कधीची आहे हेही. व्हिडिओ मी काढूनच टाकला.

मग बसवाल्यांबरोबर मीटिंग झाली. मला सांगितलं होतं, फक्त टिपणं घे. मोठ्या पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला आणि मी उभी राहिले. "ही साइट जरा वायफाय बंद करून बघूया का?"

सरांनी डोळे वटारले. पण बसवाल्यांच्या सुपरवायझरनी वायफाय बंद केलंसुद्धा. त्यांच्या फोनवर चक्र फिरत राहिलं. मग मी माझं पान उघडायला लावलं. लगेच वेळ दिसली.

"पण व्हिडिओ आवडलाय आम्हाला," डायरेक्टर म्हणाले.

"ठेवा की. 'आमच्याविषयी'मध्ये ठेवा. थांब्यावरच्या बाईनं आधी तो बघायचा आणि मग बसची वेळ, असं पान मी लिहिणार नाही."

"लिहिणार नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. दुसऱ्या कुणाला सांगा."

मी खाली बसले नाही. शेवटी सुपरवायझरच बोलले. "साहेब, रोज सकाळी सगळ्या बाया मलाच फोन करतात, बस कुठनं येणार म्हणून. हेच पान घ्या राव."

पान घेतलं गेलं. मला मात्र क्लायंटच्या मीटिंगांमधून काढलं. "तुला बोलायची पद्धत नाही," सर म्हणाले.

"पद्धत शिकेन, सर. गप्प बसायला शिकणार नाही."

आई घाबरली. "नोकरी जाईल गं तुझी!" पण दोनच दिवसांनी थांब्यावरच्या बायकांची तक्रार तीच घेऊन आली. पिवळी अक्षरं उन्हात दिसत नाहीत आणि बटणावर अंगठा मावत नाही. मी अक्षरं काळी केली, बटण मोठं केलं. तिनं ते दाबून बघितलं, मान हलवली आणि भाजी निवडायला बसली.

नोकरी गेली नाही. मीटिंगांमध्ये मला अजून बोलावत नाहीत. पण परवा एका दवाखान्याच्या साइटचं डिझाइन आलं. उघडताच पडदाभर हसऱ्या डॉक्टरांचा व्हिडिओ. अपघाताच्या वेळी लावायचा फोन नंबर शोधूनही सापडेना. सर माझ्या टेबलाजवळून जाताना थांबले. "यावर तुझं काही म्हणणं?"

"आहे," मी म्हणाले. "बसा."