मी येईपर्यंत हलू नका

पुसेगावच्या आशाताई ज्योती खिल्लारे यांना बारा वर्षांच्या नोकरीत कुणी साधी खुर्ची पुढे केली नव्हती; दिल्लीच्या त्या चकचकीत सभागृहात मात्र त्यांना उठू देत नव्हते. देशभरच्या आशाताईंची परिषद होती, त्यात त्यांचा सत्कार होता. पाचव्या रांगेत, मखमली खुर्चीवर, पदर सावरून त्या बसल्या होत्या. फोन दारावरच जमा करून घेतलेले.

ज्योतीताई म्हणजे आमच्या गावाचा अर्धा दवाखाना. पण हट्टी. मागच्या साली खासगी दवाखान्याच्या एका दलालाने गरोदर बाईला भलत्याच ठिकाणी नेलं, तेव्हापासून घरोघर त्यांचा हुकूम होता: मी आल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही. दिल्लीला निघतानाही सोजराबाईंना त्यांनी तेच बजावलं. सोजराबाईंची सून मिना पहिलटकरीण, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. सोजराबाई शब्दाच्या पक्क्या, याचं ताईंना कौतुकच वाटलं होतं.

कार्यक्रम सुरू झाला आणि सभागृहातले दिवे हळूहळू मंद होऊ लागले. मंदावणारा उजेड पाहून ताईंना मिना आठवली. काल संध्याकाळी मिना फोनवर हसत म्हणाली होती, "ताई, सगळं धुरकट दिसून राहिलं. व्होल्टेज कमी हाय वाटतं." ताईही हसल्या होत्या. आपल्याकडे बल्बचा भरवसा कुणी धरतो? पण मिनाचं डोकंही दोन दिवसांपासून दुखत होतं. गरोदर बाईला डोळ्यांपुढे धुरकट दिसलं की रक्तदाब चढला समजा, हे गावभर सांगत फिरणारी बाई स्वतःच चुकली होती.

त्या ताडकन उठल्या. जिल्ह्याहून सोबत आलेले भागवत साहेब दबक्या आवाजात खेकसले, "खाली बसा! आता तुमचंच नाव येणार आहे."

"बसले तर लेकरू जाईल, साहेब."

दाराशी रखवालदार आडवा आला. कार्यक्रम चालू असताना म्हणे दार उघडत नाही. ताईंनी त्याचा हात सरळ बाजूला सारला. अशा वेळी त्यांच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही, हे आम्ही गावात पुष्कळदा पाहिलंय.

फोन हातात आला. अर्ध्या तासात एकोणीस मिस्ड कॉल, सगळे सोजराबाईंचे.

"ताई, मिनाला फिटचा झटका आला! जीप दारात उभी हाय. पर तुमी म्हणलात, हलवायचं न्हाई."

ताईंना स्वतःचाच असा संताप आला की रडूच फुटलं. "चुकलं माझं! आत्ताच्या आत्ता हिंगोलीला न्या. एका कुशीवर निजवा तिला. फोन चालू ठेवा."

आतून लाउडस्पीकरवर त्यांचं नाव ऐकू आलं. पुन्हा आलं. ताई पायरीवर बसून "कुठवर आलात? श्वास चालू हाय ना?" एवढंच विचारत राहिल्या. दवाखाना आला, फोन बंद झाला, मग नुसती वाट पाहणं.

साडेतीनला सोजराबाई बोलल्या. पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली, पोरगी झाली होती, काचेच्या पेटीत ठेवली होती. मिनाने डोळे उघडले होते.

कार्यक्रम संपवून भागवत साहेब तणतणत बाहेर आले. "तीन वेळा नाव पुकारलं तुमचं! जिल्ह्याची लाज घालवलीत."

ताईंनी पदराने डोळे पुसले.

"मला गावाकडून एकोणीस येळा पुकारलं, साहेब. तवा बी म्या ओ दिली न्हाई."