शिखादींनी सांगितलेला अर्थ

शिखादी कोणालाही उभ्याने रिपोर्ट देत नसत. "बस गो आधी. कागद पळून जात नाय," म्हणत. नवऱ्याच्या कंपनीपायी त्या बंगालमधून रोह्याला आल्या, शेजारच्या अष्टमी गावात घर केलं आणि बावीस वर्षं आमच्या दवाखान्यात नर्स होत्या. मराठी त्यांना पेशंट बायकांनीच शिकवली. मी काउंटरवर बसते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे कागद मला वाचता येत. माणसांशी बोलणं जमत नसे.

मूल होत नसलेली जोडपी आमच्याकडे येत, पण फाइल बायकोच्याच नावाने निघायची. नवऱ्याच्या तपासण्याही तिच्यातच लागत. मौसुमी नावाच्या बंगाली मुलीच्या फाइलवर मी ठळक अक्षरांत 'इन्फर्टिलिटी' लिहिलं. तिच्या सासूने औषधांच्या दुकानात अर्थ विचारला. दुकानदाराने एका शब्दात सांगितला: वांझ.

दुसऱ्या दिवशी सासू मौसुमीची बॅग भरूनच आली. रिपोर्ट घ्यायचा आणि सुनेला तसंच माहेरी धाडायचं. नवरा मागे मान खाली घालून उभा. दोष त्याच्या तपासणीत निघालाय, हे डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं. घरी तो बोललाच नव्हता.

फाइलवर मीच लिहिलंय, असं मी शिखादींना हळूच सांगितलं. "लिवलंस ना? मग आता थांब आणि बघ," त्या म्हणाल्या.

तिघांना बसवून त्या बराच वेळ बंगालीत बोलल्या. काय बोलल्या ते मला नंतर कळलं: मूल राहायला वेळ लागतोय, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. तो जोडप्याला लागतो, एकट्या बाईला नाही. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "एबार तुमि बोलो." आता तू बोल.

तो पुटपुटला. सासूने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी स्पष्ट. म्हातारीने बॅग स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली. मौसुमी नवऱ्याकडे बघत राहिली. रडली मात्र नाही.

तुम्हीच का नाही सांगून टाकलंत, असं ते गेल्यावर मी शिखादींना विचारलं. "त्याचं गुपित मी कशाला फोडू? त्याला तोंड हाय ना."

त्याच दुपारी आम्ही सगळ्या फाइलींवर दोघांची नावं घातली.

गेल्या वर्षी शिखादी कायमच्या बंगालला परत गेल्या. परवा नागोठण्याची एक सासू सुनेचा रिपोर्ट मागत होती. "मुलगा कुठाय?" मी विचारलं. कामावर गेलाय, म्हणाली.

"मग उद्या या. दोघांना घेऊन."

ती मोठ्याने भांडली. मी फाइल दिली नाही.