फ्यूजवरची पन्नी
जळक्या रबराचा वास आला की मला पांढरकवड्याच्या हायवेवरचं वायरिंगचं एक दुकान आठवतं. वडिलांच्या चाळीस वर्षं जुन्या मोटारीच्या हेडलाइटचा फ्यूज एका आठवड्यात तीनदा उडाला होता. "तार कुठंतरी घासून राह्यली भाऊ, दोन दिवस गाडी ठेवा," मिस्त्री म्हणाला होता. पण आम्हाला दुसऱ्याच दिवशी लग्नाला जायचं होतं. मिस्त्रीनं बसवलेला नवा फ्यूजही उडेल म्हणून मी तो काढला, उडालेल्या जुन्या फ्यूजवरच सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळून तो बसवला आणि कोणालाच सांगितलं नाही. केळापूरच्या अलीकडे डॅशबोर्डखालून धूर निघाला, तारा वितळल्या आणि त्या ओढून काढताना धाकट्या भावाचा तळहात भाजला. गाडी ओढून पांढरकवड्याला परत आणली, तेव्हा तो तसाच मिस्त्रीच्या दुकानात घुसला. "मारून टाकतं का बे आमाले?" म्हणत त्यानं मिस्त्रीची कॉलर धरली आणि पान्यानं हाणायला सुरुवात केली. मिस्त्रीची भुवई फुटली, रक्त बाकड्यावरच्या बॅटऱ्यांवर सांडलं. "म्या काय केलं? फ्यूज तर काढून पाहा!" तो ओरडत होता. फटके मी मोजले, चार होते. चौथ्याला मिस्त्री खाली पडला, तेव्हा मी म्हणालो, "सोड त्याले, पन्नी म्या लावली." भावाचा हात वरच्या वरच राहिला. मिस्त्रीनं डोळ्यातलं रक्त पुसलं आणि विचारलं, "मंग पहिल्या फटक्याच्या आधी काहून नाही बोलले, भाऊ?" आज माझ्या गाडीत योग्य अँपिअरचे बारा फ्यूज असतात, आणि ते दुकान टाळायला मी अजूनही दोन किलोमीटरचा वळसा घालतो.