ॲनिमेट म्हणजे काय

त्या दिवशी सकाळी माझ्या चपला सापडेनात. सगळं घर पालथं घातलं, शेवटी जुन्या, झिजलेल्या चपला पायात अडकवल्या आणि चरफडतच शाळेत गेले. नवरा गेल्याला वर्षही झालं नव्हतं. नवेगाव बांधच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवायची आणि शाळा सुटली की घरी न जाता तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन उभी राहायची. कोणी विचारलं तर सांगायची, हवा खाते. खरं म्हणजे मला जगण्याचाच कंटाळा आला होता, पण ते मी कोणाजवळ बोलले नव्हते.

पहिल्या तासाआधी वह्या तपासायला घेतल्या. आदल्या दिवशी शेवटच्या तासाला तीन शब्द दिले होते: ॲनिमेट, एनलिव्हन, रिव्हाइव्ह. सगळे मरगळ घालवणारे, जिवात जीव आणणारे. पहिल्याच वहीत ॲनिमेटपुढे लिहिलं होतं, 'जीव देणे'.

मला हसूच फुटलं, कितीतरी महिन्यांनी. अगं बाई! जीव ओतणं कुठं आणि जीव देणं कुठं! लाल पेनानं फुली मारली. दुसरी वही उघडली, तेच. तिसऱ्या वहीत नीट पाहिलं तर तिन्ही शब्दांपुढे एकच अर्थ. मग चौथी, पाचवी, सगळा गठ्ठा. सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलेलं दिसत होतं. माझं डोकं सणकलं.

घंटा होताच वर्गात जाऊन वह्या टेबलावर आपटल्या. "कोणाचं पाहून लिहिलं हे?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, हळूच म्हणाली, "मॅडम, तुमीच तं लिवून देल्या."

फळा कालपासून कोणी पुसला नव्हता. तीन शब्द आणि प्रत्येकापुढे 'जीव देणे'. 'ण'चा पाय लांब ओढायची माझी सवय, नवरा त्यावरून मला चिडवायचा. तिन्ही ओळींत तो पाय तसाच ओढलेला होता. हे मी कधी लिहिलं, मला काही केल्या आठवेना.

मुलीनं दप्तरातून एक पिशवी काढून माझ्यापुढे धरली. आत माझ्या चपला होत्या.

"पाळीवरच राह्यल्या होत्या, मॅडम. काल तुमी पान्यात काऊन उतरल्या होत्या? मीनं हाक मारली, तवा वापस फिरल्या."

मला हाक आठवत नव्हती. पाणीही आठवत नव्हतं. काल मी अनवाणी घरी आले, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

चपला छातीशी धरून मी सगळ्या वर्गासमोर ढसाढसा रडले. लाज वाटली नाही. त्या संध्याकाळी पाळीवर गेले नाही. बहिणीला फोन लावला, म्हटलं, "आजच ये. मला एकटीला ठेवू नको."