समजायची जागा
मुलगी शाळेसाठी कणकेचा मेंदू बनवते आहे. तिच्या गुलाबी वळ्या पुठ्ठ्यावर चिकटत गेल्या तसा मी उठून दोनदा पाणी पिऊन आलो, कारण असाच मेंदू, प्लास्टिकचा, मी उधन्यातल्या एका गुजराती डॉक्टरच्या टेबलावर पाहिला होता. वडिलांना झटका येऊन उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. आयुष्यभर ते लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, राबले, तिथल्या खडखडाटात माणसं हातानेच बोलतात. नवागामच्या आमच्या एका खोलीत, त्यांच्या खाटेशेजारी उभा राहून मी बहिणीला फोनवर मोठ्याने सांगत होतो, "गावी काकांकडे नेऊन ठेवतो. इथं कोण करणार त्यांचं?" बायको म्हणाली, "अहो, हळू. ऐकताहेत ते." मी म्हणालो, "त्यांना काय कळतंय आता?" त्यांचा डावा हात सारखा वर उठत होता, पंजा उघडा. मला वाटलं, झटक्याचंच काहीतरी असेल. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने त्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या खाचेवर पेन टेकवलं. "जुओ भाई, बोलने का इधर, आगे. वो गया. समझने का इधर, पीछे. वो एकदम साबूत है." तेव्हा कुठे मला तो पंजा कळला. लहानपणी डबा घेऊन खात्यात जायचो तेव्हा रोज पाहिलेली खूण होती ती, धागा तुटलाय, मशीन थांबव. तरीही मी त्यांना गावी नेऊन सोडलंच, आणि ते तिथेच गेले. "पप्पा, इथं कोणता रंग देऊ?" मुलगी विचारते आहे. तिचं बोट नेमकं त्या मागच्या वळीवर आहे, आणि मला बसवत नाही.