बाबांचा दाखवायचा कार्यक्रम

माझ्या बाबांना कंपवात झाला, तेव्हा आमच्या घराला आधी लाज वाटली आणि मग काळजी. बाबा एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर. कापसानं सगळ्या तालुक्याला दगा दिला ती वर्षं. महागावकडच्या आमच्या गावात पगारी माणूस असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातल्याच एका पगारी माणसाचा उजवा हात कापायला लागला. हाताचं एक वेळ चालून जातं. पण पाय जड झाला. उठ म्हटलं की आधी विचार करायचा, मग उठायचा. ड्रायव्हरचा पाय विचार करायला लागला तर मागं बसलेल्यांचं काय होईल, हे बाबांना सगळ्यांच्या आधी कळलं. त्यांनी स्वतःच डेपोत जाऊन सांगितलं, मले गाडीवरून उतरवा, दुसरं कोणतंही काम द्या.

असं कोणी मागतं का? डेपोतले साहेब म्हणाले, जिल्ह्याच्या मेडिकल बोर्डापुढं जा. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरची चिठ्ठी चालायची नाही, कारण तो तुमचा डॉक्टर. बोर्डाचा डॉक्टर कोणाचाच नसतो, म्हणून त्याचं खरं. ज्यानं रोग्याला कधी पाहिलंच नाही त्याला रोग जास्त कळतो, हे शहाणपण कोणाच्या डोक्यातून निघालं असेल, त्याला एकदा नमस्कार करायचा आहे मला.

पण सगळी अक्कल सरकारकडंच गहाण होती असं नाही, आमच्या घरचीही ऐका. आमच्याकडं कोणाला मोठ्या माणसापुढं न्यायचं म्हणजे पाहुण्यांना पोरगी दाखवण्यासारखं असतं. उणं असेल ते झाकायचं. आईनं बाबांची दाढी करवली, केसांना कलप लावला, खाकी कपड्यांना कडक इस्त्री केली. शेजारच्या काकू निरोप द्यायला आल्या आणि शिकवून गेल्या, "भाऊजी, ताठ बसजा. साहेबासमोर लटलट कापू नोका, बरं नाई दिसत." आईनं त्याच्याही वरताण केली. कंप दाबणारी सकाळची गोळी तर दिलीच, पण दुपारचीही दवाखान्याच्या पायरीवरच चारली. "एवढा मोठा डॉक्टर," ती मला म्हणाली, "त्याच्यापुढं हात हालला तं काय म्हणीन तो?"

आत गेलो. मेंदूचा डॉक्टर आलेला नव्हता, म्हणून हाडाचा डॉक्टर मेंदू तपासायला बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "काय बाबा, कसं काय?"

"बरं आहे, साहेब," बाबा म्हणाले.

आमच्याकडं या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. तिरडीवर बांधलेल्या माणसाला विचारा, तोही बरं आहे म्हणेल. डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली, पाय टुणकन उडाला. हात पुढं धरायला लावले. दोन गोळ्या पोटात, हात कायला हालतो? चालून दाखवा म्हटलं, तर बाबा त्या कडक इस्त्रीत वरातीत चालल्यासारखे चालले. डॉक्टर बाजूच्या डॉक्टरकडं पाहून हसला. "कापूस बुडाला की सगळ्यांनाच अपंग व्हायचं असतं," तो म्हणाला आणि बाबांना फिट करून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाहेर येऊन आईला सांगितलं की डॉक्टरला काहीच सापडलं नाही, तर ती बाई आधी खूश झाली. मग गाडीत बसल्यावर तिला कळलं आणि उमरीचा फाटा येईपर्यंत ती पदरानं डोळे पुसत होती.

बाबा परत गाडीवर गेले. त्या हिवाळ्यात एक दिवस ते घरी आले आणि जेवलेच नाहीत. त्यांची गाडी कापसानं भरलेल्या एका बैलबंडीला घासली होती. आरसा फुटला, बंडीवरची कापसाची गंजी कलंडली, रस्ताभर कापूस. बैल वाचले, माणसंही वाचली. डेपोतल्या साहेबांनी चौकशी केली आणि बंडीवाल्याची चूक ठरवली. बरोबरच आहे, बोर्डानं फिट केलेल्या माणसाची चूक कशी असेल? सगळे बाबांना म्हणाले, सुटले तुम्ही. बाबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोर्ड मागितला.

या खेपेला मी आईला हात लावू दिला नाही. दाढीचे खुंट वाढलेले, कलप नाही, गोळी नाही. डॉक्टर मात्र तोच. बाबांचा हात टेबलावर तडतड वाजत होता, पाय जमिनीवरून सुटत नव्हता. डॉक्टरनं मागचा कागद काढला, बाबांकडं पाहिलं.

"मागच्या वेळी ठणठणीत होते. आता कोणी शिकवून आणलं?"

माझ्या तोंडाशी शिवी आली होती, मी खोटं कशाला बोलू. पण बाबांनी हातानंच मला थांबवलं. त्यांचा आवाज आजारानं बारीक झाला होता, डॉक्टरला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"साहेब, तुमचं म्हणनं खरं धरू. मी ढोंग करून राह्यलो. मंग आज संध्याकाळी माह्या गाडीत बसा. लेकराबाळांले घेऊन या. मी तुम्हाले आर्णीपर्यंत नेतो अन् वापस आणून सोडतो."

"माझी गाडी आहे," डॉक्टर म्हणाला.

"ते माहीत हाय, साहेब. पण फिट ड्रायव्हरच्या मागं बसायले भेव कायचं?"

बाबांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. ते खरंच उत्तराची वाट पाहत होते. नागपूरची चिठ्ठी डॉक्टरनं पहिल्यांदा वाचली. वाचता येत होती म्हणायची. मग गाडी चालवण्यास अयोग्य, दुसरं काम द्यावं, असं लिहून सही केली आणि पुढच्याला बोलावलं.

परतीच्या गाडीत आम्हाला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. मी तर लढाई जिंकल्यासारखी बसले होते. थोड्या वेळानं माझं लक्ष बाबांच्या पायाकडं गेलं. वळण आलं की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायला जात होता. वळण यायचं, निघून जायचं, गाडी सरळ रस्त्याला लागायची, आणि मग पाय खाली दाबला जायचा. दर वळणाला तसंच. मी पाहतेय हे त्यांनी पाहिलं.

"बंडीच्या दिवशी बी पाय असाच उशिरा आला," ते म्हणाले. "कापसावर बाई बसून होती. मांडीवर लेकरू होतं तिच्या."