पिशवीतली साडी

वडगावात चहाच्या गाड्यावर तो म्हातारा विणकर रोज दिसायचा. हातात काही नसलं तरी त्याची बोटं तुटलेल्या धाग्याला गाठ मारल्यासारखी हलत असायची.

त्या दिवशी समीक्षकांनी नव्या सुपरहिरोच्या सिनेमाला दोनच स्टार दिले म्हणून आम्ही मित्र तावातावानं भांडत होतो.

“पिक्चर बघितलासा व्हय रं?” त्यानं विचारलं.

“अजून न्हाय, अण्णा.”

त्यानं मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला. “माझी साडी पन दुकानदार फोनवर फोटो बघूनच नको म्हनत्यात. हातात कोन घेत न्हाय.”

आम्ही हसलो आणि पुन्हा भांडू लागलो.

पुढं त्यानं माग भंगारात विकल्याचं चहावाल्यानं सांगितलं. सिनेमावरून भांडलो त्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या शेजारीच बसलो होतो. साडी दाखवा, असं मीही म्हटलं नाही.